कार्यालयाचा मेल आणि आपले माजघर

लातूरच्या गंजगोलाईत चहा घेताना असो वा नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात, कार्यालयाचा मेल फोनवर घेण्याचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानी पडते: “सर, तिथं एकदा ‘सहमत’ दाबलं की आपलं व्हॉट्सॲप, फोटो, सगळं साहेबाला दिसतंय म्हणं.” या ‘म्हणं’चा कर्ता मला अद्याप भेटलेला नाही, पाहिलेले कोणीच नसते, ऐकलेले मात्र सर्वांनी असते.

वस्तुतः संस्था सहसा जे मागते ते इतकेच की, ज्या फोनवर तिचा पत्रव्यवहार उतरणार त्याच्या पडद्याला कुलूप असावे, साठवण कूटबद्ध असावी, सुरक्षा-अद्यतने फार जुनी नसावीत आणि फोन ‘रूट’ केलेला, म्हणजे त्याची मूळ सुरक्षा-बंधने तोडलेली, नसावा. या अटी पुऱ्या झाल्याचा दाखला खुद्द यंत्राकडून मिळाल्याखेरीज मेलचे दार उघडत नाही. तपासणी यंत्राच्या प्रकृतीची आहे, मालकाच्या चारित्र्याची नव्हे.

आपल्याकडील जुन्या वाड्यांत दरवाजालगत ढाळज असे. परका माणूस, हिशेबाचे दप्तर, वसुलीची बोलणी हे सारे तिथेच, आणि माजघरात पाऊल टाकण्याचा अधिकार कारभाऱ्यालाही नसे. अँड्रॉइडने 2014 मध्ये आणलेले ‘वर्क प्रोफाइल’ ही नेमकी अशी ढाळज आहे. माझ्याच फोनवर मेलच्या चिन्हाला एक चिमुकली बॅग चिकटलेली आहे. रविवारी मी ते प्रोफाइल एका कळीने बंद करतो, तेव्हा बॅगवाली सारी चिन्हे राखी होतात आणि सोमवारपर्यंत कार्यालय मुके होते. संस्थेने ते प्रोफाइल पुसले तर ढाळज रिकामी होते, नातवंडांची छायाचित्रे जागच्या जागी राहतात. आयफोनवरही 2019 पासून वैयक्तिक फोनसाठी अशीच वेगळी कोठी ठेवण्याची सोय आहे. ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास नसेल त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या ‘इंट्यून’ या फोन-व्यवस्थापन प्रणालीचा अधिकृत दस्तऐवज पाहावा: कॉलचा व ब्राउझरचा इतिहास, खाजगी संदेश, संपर्क, छायाचित्रे संस्थेला दिसत नाहीत, दिसते ती फोनचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, अटी पाळल्या की नाहीत अशी यंत्राविषयीची माहिती.

तरीही न्यायाने बोलायचे तर या अफवेला एक खरे मूळ आहे. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’चा मेल फोनवर जोडताना ‘उपकरण प्रशासक’ असा अधिकार द्यावा लागे आणि त्याच्या बळावर दूरवरून सबंध फोन पुसता येत असे. आजही परवानगीच्या मजकुरात ‘सर्व डेटा पुसणे’ असे शब्द आढळले तर बोट आवरावे आणि संगणक-विभागाला लेखी विचारावे. शिवाय फोन संस्थेच्याच मालकीचा असेल तर तिचे अधिकार अधिक असतात, ही गोष्ट वेगळी.

परंतु माझा संयम सुटतो तो अन्यत्र. साहेब आपली छायाचित्रे पाहील या धास्तीने ‘सहमत’ न दाबणारे हेच सद्गृहस्थ विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका छापायच्या म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जातात, अनोळखी मुलाला पासवर्ड मोठ्याने सांगतात आणि खाते उघडे टाकून, सुट्टे पैसे मोजून घेऊन, निश्चिंतपणे घरी परततात! माजघराची एवढी काळजी वाहणाऱ्याने ढाळजेची किल्ली चौकात टांगावी, याला काय म्हणावे?

यावर सबबीही तयार असतात. ‘आमच्या गावी कोण येतो चोरायला?’ ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका शासकीय कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हती, फोनमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल होती आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. असल्या फोनवर कार्यालयाचा मेलही असता तर?

‘ओटीपी आहे की!’ ओटीपी माणसाची ओळख पटवतो, यंत्राचे आरोग्य नव्हे. दूषित फोन तो ओटीपीही वाचू शकतो.

‘ही संगणकवाल्यांची लहर आहे.’ लहर नव्हे, नियामक आणि कायदाही सुरक्षा मागतात. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर-सुरक्षा चौकट 31 डिसेंबर 2019 रोजीच जारी केली. आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेस 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एक तक्रार मात्र मी गैरसमजांत मोडत नाही. ज्याला कंपनीकडून अद्यतने मिळणे केव्हाच थांबले आहे असा जुना फोन वापरणाऱ्या कारकुनाला ही तपासणी दारातच अडवते, आणि अडवणे तांत्रिकदृष्ट्या रास्तही असते. पण कार्यालयाच्या कामासाठी नवा फोन घ्यायचा तर तो कोणाच्या पगारातून, हे हुकुमाच्या कागदात कुठेच लिहिलेले नसते. साहेबांना विचारायचेच असेल तर हे विचारावे, तेही बैठकीत, इतिवृत्तात नोंद होईल अशा बेताने.