फारसी वाक्य कसं उलगडायचं? आधी ‘रा’ शोधा, मग क्रियापद बघा

मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग, आबाद म्हणजे वसलेलं. दोन्ही शब्द फारसी. असे कितीतरी शब्द मराठीत रुळलेत. पण शब्द ओळखीचे असले म्हणून फारसी वाक्य कळतंच असं नाही. त्यासाठी दोन खुणा ओळखाव्या लागतात.

खूण पहिली : ‘रा’

• सरदार कासिद रा दीद = सरदाराने कासदाला पाहिलं.
• कासिद सरदार रा दीद = कासदाने सरदाराला पाहिलं.

शब्द तेच आहेत, पण ‘रा’ आता दुसऱ्या शब्दानंतर आला. ‘रा’च्या आधी जो शब्द येतो, तो कर्म. जुनं पत्र वाचताना हा ‘रा’ नजरेतून सुटला, तर कोणी कोणाला पाहिलं हेच उलटं होईल.

मग ‘रा’ म्हणजे आपला ‘ला’च का?

नाही. मराठीत कर्माला ‘ला’ लागतो तो बहुधा माणसांना आणि प्राण्यांना. फारसीत वस्तू ठरावीक आहे का, हे महत्त्वाचं. नाशिकच्या द्राक्षांचंच उदाहरण घ्या:

• अंगूर खुर्दम = मी द्राक्षं खाल्ली (कुठलीही).
• अंगूर रा खुर्दम = मी *ती* द्राक्षं खाल्ली.

‘त्याला दिलं’ यातल्या ‘ला’साठी आजच्या फारसीत ‘बे’ वापरतात. जुन्या फारसीत मात्र तिथेही ‘रा’ दिसतो. आणि ‘ला’ हा ‘रा’पासून आला असंही समजू नका. अनेक अभ्यासक त्याचा संबंध जुन्या मराठीतल्या ‘लागीं’शी जोडतात.

खूण दुसरी : क्रियापदाचं शेपूट

मराठीसारखंच फारसी क्रियापदही सहसा वाक्याच्या शेवटी येतं. खुर्दम म्हणजे मी खाल्लं, खुर्दी म्हणजे तू खाल्लंस, खुर्द म्हणजे त्याने किंवा तिने खाल्लं. कर्ता क्रियापदातच कळतो, म्हणून ‘मी’ वेगळा सांगायची गरज नसते.

आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं म्हणतो. कर्म बदललं की क्रियापद बदलतं. फारसीत तिन्ही वेळा खुर्दम! कारण तिथे लिंगभेद नाही आणि क्रियापद कर्त्याच्याच मागे चालतं.

आणि एक सोपी गोष्ट

फारसीतलं ‘कर्दन’ म्हणजे करणे. खर्च कर्दन, जमा कर्दन, कबूल कर्दन… यांचं भाषांतर सांगायलाच नको!

थोडक्यात, फारसी वाक्य समोर आलं की शेवटाकडून वाचा. क्रियापदाचं शेपूट कर्ता सांगेल, ‘रा’ असेल तर तो कर्म दाखवेल. उरलेल्या शब्दांपैकी बरेच आपल्या ओळखीचेच निघतील.