शिक्षकाचें वेतन आणि कुटुंबाचा विमा

अमेरिकेसारख्या संपन्न देशांत सार्वजनिक शाळांचे शिक्षक संपावर जातात, हें ऐकून आपल्याकडील पुष्कळांस नवल वाटतें. वेतन डॉलरांत, दारीं मोटार. मग उणें तें काय, असा प्रश्न घरची वडील मंडळी सहज करतात. त्या शिक्षकांच्या तक्रारींत वेतनाच्या शेजारीं एक दुसरें कलम वारंवार आढळतें, तें आरोग्यविम्याच्या हप्त्याचें. आणि त्या कलमाचें खरें दुखणें शिक्षकाच्या स्वतःच्या हप्त्यांत नसून त्याच्या कुटुंबाच्या हप्त्यांत आहे.

मौज अशी कीं, त्या देशांतील आजच्या आरोग्यविम्याचा उगमच मुळीं शिक्षकांपाशीं आहे. टेक्सास राज्यांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार पाहणारे जस्टिन किंबॉल हे पूर्वीं त्याच शहरच्या शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाचीं थकलेलीं बिलें चाळतांना त्यांत शिक्षकांचीं नांवें त्यांना फार दिसलीं. १९२९ सालीं त्यांनीं योजना काढली: शिक्षकानें दरमहा पन्नास सेंट, म्हणजे वर्षाकाठीं सहा डॉलर भरावे, आणि आजारीं पडल्यास त्याला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयांत शुश्रूषा मिळावी. अट एवढीच कीं, शिक्षकांपैकीं शेंकडा ७५ तरी सामील झाले पाहिजेत. सारें मर्म या अटींत आहे. निरोगी आणि रोगी, तरुण आणि वयस्क एकाच थैलींत पैसे टाकतील, तरच एकाचें आजारपण सर्वांना हलकें होतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. बाराशेंहून अधिक शिक्षक सामील झाले, आणि पुढें ‘ब्लू क्रॉस’ या नांवानें देशभर पसरलेल्या संस्थांचें मूळ या योजनेंतच मानलें जातें. मात्र ती होती केवळ शिक्षकापुरती; घरच्या माणसांचा तींत समावेश नव्हता.

पुढें महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें वेतनवाढीवर निर्बंध घातले. विम्यासारख्या सवलती मात्र त्यांतून मोकळ्या राहिल्या. पगार वाढवितां येईना म्हणून मालकांनीं विमा देऊं केला, आणि तीच चाल कायमची होऊन बसली. औषधपाण्याची सोय अशी नोकरीच्या दावणीला बांधली गेली.

आतां आजकालचे आंकडे पाहावे. केएफएफ या संस्थेच्या २०२४ सालच्या पाहणींत, नोकरीमार्फत मिळणाऱ्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता एकट्या माणसाचा ८,९५१ डॉलर निघाला, आणि त्यांतले १,३६८ डॉलर नोकरानें भरावयाचे होते. कुटुंबाचा हप्ता २५,५७२ डॉलर, आणि त्यांत नोकराचा वाटा ६,२९६. ही सर्व धंद्यांची सरासरी झाली. एकट्याचा विमा मालक बहुतेक सोसतो; कुटुंबाचें नांव घातलें कीं वाटा साडेचार पटींवर जातो. ज्या डॅलसमध्यें सहा डॉलरांची योजना जन्मली, त्या टेक्सास राज्याची कथा तर अधिक बोलकी आहे. तेथें २००२ सालीं शिक्षकांच्या विम्याची राज्यव्यापी योजना निघाली. राज्याचे दरमहा ७५ डॉलर आणि शाळामंडळाचे किमान १५० मिळून २२५ डॉलर शिक्षकामागें ठरले. पुढें वीस वर्षें हप्ते चढत गेले, पण हा आंकडा जागचा हलला नाहीं. एखाद्या मंडळानें आपण होऊन अधिक दिलें तर दिलें. नाहीं तर वाढीचा बोजा शिक्षकाच्या पगारावरच पडला.

येथें एका शब्दाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. संस्कृतांत ‘भृ’ म्हणजे पोसणें, भार वाहणें. त्याच धातूपासून ‘भृति’ म्हणजे वेतन, आणि त्याच धातूपासून ‘भार्या’. ज्यानें घर पोसावयाचें तें वेतन, ही कल्पना शब्दाच्या पोटांतच आहे. अमेरिकेच्या कायद्यानें मात्र शिक्षक तेवढा मोजला आणि त्याचें घर मोजलें नाहीं. (तिकडच्या विम्यांतील ‘कुटुंब’ म्हणजे बहुधा पतिपत्नी आणि सव्वीस वर्षांखालील मुलें. आईबाप त्यांत येत नाहींत. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्ययोजनेंत अवलंबून असलेले आईवडील कुटुंबांतच धरतात.)

याचीं दोन उदाहरणें देण्यासारखीं आहेत. १९९७ सालीं तेथें बेताच्या प्राप्तीच्या घरांतील मुलांसाठीं सरकारी विमा निघाला; पण ज्यांच्या आईबापांना राज्याच्या नोकरविम्यांत शिरतां येतें, अशा मुलांना त्यांतून बहुतांशीं वगळलें. तो कौटुंबिक हप्ता शिक्षकाला झेपतो किंवा नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं. राज्यांना ही मनाई उठविण्याची मुभा मिळाली ती २०१० च्या कायद्यानें. पण त्या कायद्याचीही एक गफलत निघाली. नोकरीचा विमा परवडणारा आहे कीं नाहीं, हें केवळ नोकराच्या एकट्याच्या हप्त्यावरून ठरूं लागलें. तो स्वस्त असला कीं घरच्या माणसांचाही विमा परवडतो असें गृहीत धरलें जाई, आणि बाजारांतून विमा घेतांना मिळणारें सरकारी साह्य त्यांना नाकारलें जाई. ही कसोटी २०२३ पासून बदलली. तोंपर्यंत ती तशीच चालली.

न्यू जर्सी राज्यानें २०११ सालीं हप्त्याचा शेंकडेवारीनें वाटा शिक्षकांवर टाकला. मोठ्या पगारावर तो शेंकडा ३५ पर्यंत जाई. हप्ता चढला कीं वाटा चढे, आणि वेतनवाढ कागदावर राही. २०२० मध्यें हा वाटा वेतनाच्या प्रमाणांत ठरविणारा कायदा झाला, तेव्हां थोडा श्वास मिळाला.

वेस्ट व्हर्जिनियांत मात्र गोष्ट संपावर गेली. तेथील शिक्षकांचें वेतन देशांत अगदीं तळाकडे होतें. अशा वेळीं विमाखात्यानें दोन प्रस्ताव पुढें केले. हप्ता शिक्षकाच्या पगारावर न ठरवितां घरांतील एकूण प्राप्तीवर ठरवावा, हा एक. आणि विमेदारांनीं रोजच्या चालण्याची यांत्रिक नोंद द्यावी, नपेक्षां दरमहा २५ डॉलर अधिक भरावे, हा दुसरा. दिवसभर फळ्यापुढें उभें राहणाऱ्या माणसाकडे पावलांचा हिशेब मागावा, याहून थट्टा ती कोणती! दोन्ही प्रस्ताव पुढें बारगळले, पण विश्वास उडाला तो उडालाच. २०१८ च्या फेब्रुवारींत ५५ ही काउंट्यांतील शाळा बंद पडल्या आणि शाळेचे नऊ दिवस बंद राहिल्या. शाळेंतील जेवणावर ज्यांची भिस्त होती, त्या मुलांसाठीं शिक्षकांनींच शिध्याच्या पिशव्या भरून पोंचविल्या. हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शेवटीं शेंकडा ५ वेतनवाढ मिळाली, आणि विम्याचा प्रश्न एका समितीकडे गेला. पांच वर्षांनीं, २०२३ सालीं, राज्यानें नवा कायदा करून हप्ते जवळजवळ चौथाईनें वाढविले. जोडीदारास स्वतःच्या नोकरींतून विमा मिळण्यासारखा असूनही तो शिक्षकाच्याच विम्यांत राहिला, तर त्याच्यापायीं दरमहा आणखी १४७ डॉलर द्यावेत, असेंही त्यांत ठरलें.