कापसाचा तंतू आणि दुकानातला संगणक

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि नेमका तेव्हाच आमचा संगणक रुसला. जीएसटीचे ३बी विवरण भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर, आणि यंत्र दर अर्ध्या तासाने आपोआप बंद! कारागिराने ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून नऊ हजार सांगितले. पैसे मोजण्याआधी आम्ही प्लग काढून डबा उघडला. आत पंख्यावर थानांतून उडालेल्या तंतूंची जाड गादी बसलेली. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद पडते. पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढली. खर्च शून्य.

खरी धास्ती हिशेबाची होती. सालभराची उधारी त्या एका डब्यात, दुसरी नक्कल नाही. (वडिलांची लाल वही निदान विजेवर चालत नव्हती.) आता रोज दुकान वाढवताना टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो घरी नेतो. व्यापारी बांधवांनी तो संगणकाला लावून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने दीडशेहून अधिक देशांत फायली कुलूपबंद केल्या, त्यात जोडलेले ड्राइव्हही सुटले नाहीत.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करताना विचार करावा. वीज जाते तिथे यूपीएस हवाच. आणि कूलरचा ओला झोत गिऱ्हाइकाकडे वळवा, संगणकाकडे नव्हे.