घरच्या संगणकासाठी छोटा वायरलेस कीबोर्ड : आकडे कुठे गेले ते आधी पाहा

आमच्या बऱ्याच व्यापारी व कारागीर बांधवांचा संगणक दुकानात नसतो, घरी असतो. दुकान आठ बाय दहाचे, त्यात मालच मावत नाही. मग संगणक घराच्या एखाद्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या शेजारी नाहीतर भिंतीच्या फळीवर बसतो. रात्री इशाची नमाज झाली की दिवसभराच्या कच्च्या चिठ्ठ्या घेऊन घरधनी बसतात, किंवा शिकलेली मुलगी, सून नोंदी करते. अशा घरात लहान आकाराचा वायरलेस कीबोर्ड घेण्याकडे कल वाढला आहे. वायरीचा गुंता नाही आणि काम झाले की उचलून ठेवता येतो. कल योग्यच आहे. परंतु कीबोर्ड लहान होतो तो काहीतरी काढून टाकूनच, आणि जे काढले जाते ते नेमके व्यापाऱ्याच्या कामाचे असते. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डला साधारण 104 बटणे असतात. त्यातली उजवीकडची 17 बटणे म्हणजे आकड्यांचा चौकोन, ज्याला नंबर पॅड म्हणतात. कीबोर्ड छोटा करताना पहिली कुऱ्हाड याच चौकोनावर पडते. तो काढला की 87 बटणांचा कीबोर्ड होतो. आणखी आवळला तर 84 आणि 68 बटणांचे प्रकार येतात, आणि 61 बटणांच्या प्रकारात वरची एफ-1 ते एफ-12 ही ओळही राहत नाही. दिसायला हे सुबक असतात, मुलांना फार आवडतात. हिशेब लिहिणाऱ्याचे मात्र त्यात हाल होतात.

नंबर पॅडचे महत्त्व ज्याने रोज नोंदी केल्या आहेत त्यालाच कळते. 5 च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. मधले बोट त्यावर ठेवले की बाकीचे आकडे न पाहता सापडतात. डावा हात चिठ्ठ्या उलटतो, उजवा आकडे घालतो आणि नजर चिठ्ठीवरच राहते. वरच्या ओळीतले आकडे घालताना नजर पुन्हा पुन्हा कीबोर्डवर आणावी लागते आणि अशा वेळी 6,350 चे 6,530 व्हायला वेळ लागत नाही. उधारीच्या खात्यात अशी चूक झाली तर गिऱ्हाइकाशी वाद होतो. चूक गिऱ्हाइकाच्या विरुद्ध झाली आणि त्यालाही कळली नाही, तर त्याचे हक्काचे पैसे आपल्याकडे येतात. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा ही आज्ञा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत किती तपशिलाने आली आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लिहिणे जर दीनचा भाग असेल, तर लिहिण्याचे साधनही निष्काळजीपणे निवडण्यासारखे नाही, असे आम्हास वाटते.

जीएसटी 1 जुलै 2017 पासून लागू झाल्यानंतर आकड्यांचे काम आणखी वाढले. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याचा क्रमांक 15 अक्षरांचा, त्यात आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेली. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा क्रमांक 27 ने सुरू होतो. शिवाय मालाचे एचएसएन क्रमांक आहेतच.

तेव्हा ज्यांचे रोजचे काम हिशेबाचे आहे त्यांनी दोनपैकी एक मार्ग धरावा. पहिला, नंबर पॅड कायम ठेवून इतर बटणे जवळ जवळ बसवलेला कीबोर्ड. यात साधारण 96 ते 100 बटणे असतात, लांबी पूर्ण कीबोर्डपेक्षा कमी असते. दुसरा, 87 बटणांचा लहान कीबोर्ड आणि सोबत वेगळा वायरलेस नंबर पॅड. हा वेगळा पॅड डावखुऱ्या माणसाला डावीकडेही ठेवता येतो. आमचा कौल पहिल्या मार्गाला आहे, कारण घरात एक वस्तू सांभाळणे सोपे.

टॅली वापरणाऱ्यांसाठी वरची एफ-ओळ तितकीच महत्त्वाची आहे. टॅलीमध्ये एफ-5 म्हणजे पेमेंट, एफ-6 रिसीट, एफ-7 जर्नल, एफ-8 विक्री, एफ-9 खरेदी. पुष्कळ छोट्या कीबोर्डमध्ये याच बटणांवर आवाज कमी-जास्त करणे, गाणे थांबवणे अशी कामे दिलेली असतात. विक्रीची नोंद करायला एफ-8 दाबावे तर आवाज वाढतो! दर वेळी एफएन नावाचे बटण धरून ठेवावे लागते. काही कीबोर्डमध्ये ही सवय कायमची उलटी करता येते, बहुधा एफएन आणि एस्केप एकत्र दाबून. अशी सोय आहे की नाही हे दुकानातच करून पाहावे, डब्यावरच्या चित्रावर विसंबू नये.

आता मराठी टंकलेखनाचा प्रश्न. सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आली आणि आजही विंडोजमध्ये ती मिळते. या मांडणीत च हे अक्षर अर्धविरामाच्या बटणावर आहे, ट अवतरण चिन्हाच्या, ड चौकोनी कंसाच्या आणि य तिरप्या रेघेच्या बटणावर. म्हणजे उजव्या कडेची जी बटणे इंग्रजी लिहिणाऱ्याला किरकोळ वाटतात, त्यावर मराठीची रोजची अक्षरे बसली आहेत. अगदी लहान, तळहाताएवढ्या कीबोर्डमध्ये हीच बटणे उचलून दुसरीकडे टाकलेली किंवा एफएनच्या मागे दडवलेली असतात. त्यावर ‘चटई’ लिहायची म्हटली तरी घाम फुटेल. असले तळहाताएवढे कीबोर्ड टीव्हीवर गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायला ठीक, पत्र लिहायला नव्हेत. जे बांधव जुन्या, युनिकोडपूर्व फाँटवर लग्नपत्रिका व हँडबिले तयार करतात त्यांना तर काही जोडाक्षरांसाठी ऑल्ट धरून नंबर पॅडवरच आकडे दाबावे लागतात. त्यांनी नंबर पॅडशिवायच्या कीबोर्डकडे वळूनही पाहू नये. रुपयाचे चिन्ह 2010 साली आले. विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया मांडणी निवडली तर उजवे ऑल्ट आणि 4 दाबून ते उमटते. तेव्हा उजवीकडचे ऑल्ट बटण शाबूत आहे ना, तेही पाहून घ्यावे.

वायरलेसचे दोन प्रकार आहेत. एकात नखाएवढा रिसीव्हर, ज्याला बाजारात डोंगल म्हणतात, संगणकाच्या यूएसबी खाचेत लावायचा असतो. दुसरा ब्लूटूथचा. जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ बहुधा नसतेच, ते वेगळे विकत घ्यावे लागते. शिवाय संगणक बिघडून विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा ब्लूटूथचा कीबोर्ड सहसा चालत नाही, डोंगलचा चालतो. उलट ब्लूटूथचे काही कीबोर्ड एक बटण दाबून संगणकावरून मोबाइलवर नेता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींना ही सोय फार उपयोगाची आहे. काही कीबोर्डमध्ये दोन्ही प्रकार एकत्र मिळतात. थोडे अधिक पैसे पडले तरी ते घ्यावेत.

डोंगलचा कीबोर्ड मधेच अक्षरे खातो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष पुष्कळदा कीबोर्डचा नसतो. डोंगल 2.4 गिगाहर्ट्‌झ लहरींवर चालते, आणि यूएसबी 3.0 च्या, बहुधा निळ्या रंगाच्या खाचेतून त्याच लहरींत अडथळा येतो, हे इंटेल कंपनीने 2012 मध्ये दाखवून दिले आहे. डोंगल काळ्या खाचेत लावावे किंवा वीतभर यूएसबी वायर जोडून लोखंडी डब्यापासून दूर आणावे. आकडा गळाला तर हिशेब चुकतो, म्हणून हे किरकोळ समजू नये.

सर्वांत गंभीर बाब पासवर्डची. वायरलेस कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर हवेतून जाते. जुलै 2016 मध्ये बॅस्टिल या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आठ उत्पादकांच्या स्वस्त डोंगलवाल्या कीबोर्डची तपासणी जाहीर केली. ही अक्षरे कोणतेही कुलूप न लावता, उघडी पाठवली जात होती आणि सुमारे 250 फुटांवरून ती टिपता येत होती. दाट वस्तीत 250 फुटांत किती घरे येतात हे ज्याने त्याने मोजावे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यासाठी डब्यावर ‘128 बिट एईएस एन्क्रिप्शन’ असे स्पष्ट छापलेलाच डोंगलचा कीबोर्ड घ्यावा. ब्लूटूथमध्ये अक्षरे कुलूपबंद जातात. त्यातही डिसेंबर 2023 मध्ये एक खोट उघड झाली होती, तिच्यावरचे उपाय विंडोजच्या व मोबाइलच्या अपडेटमधून आले. म्हणून अपडेट टाळत बसू नये. घरात आधीच एखादा बिननावाचा कीबोर्ड असेल तर तो मुलांच्या अभ्यासाला द्यावा आणि बँकेच्या कामासाठी साधा वायरचा कीबोर्ड बाजूला ठेवावा.

बिननावाचा माल ओळखण्याचा एक मार्ग आहे. केंद्र सरकारने 2012 साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा जो आदेश काढला, त्याच्या यादीत वायरलेस कीबोर्डही होता. कीबोर्डच्या पाठीवर मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव समोर येते. नाव जुळले नाही तर डबा परत करावा. पक्के बिल घ्यावे. ऑनलाइन हप्त्यांचे आमिष दाखवले जाते, पण एवढ्याशा वस्तूसाठी कोणी व्याजाच्या भानगडीत पडू नये.

सेलवर चालणारे कीबोर्ड बरे, सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतात. आत बॅटरी असलेला कीबोर्ड काही वर्षांनी दम टाकतो आणि बॅटरी बदलून मिळेलच असे नाही. बटणाखाली दिवे लावलेल्या प्रकारात चार्ज लवकर संपतो. यंत्रमाग किंवा चामड्याचे काम घरातच असेल तर बटणाखाली धूळ व तंतू साचतात. अशांनी बटणे उपसून साफ करता येतील असा प्रकार निवडावा आणि काम झाल्यावर वर कापड टाकावे.

डोंगल हरवले तर बहुतेक स्वस्त कीबोर्ड निकामी होतात, कारण प्रत्येकाची जोडी ठरलेली असते आणि नुसते डोंगल बाजारात सहसा मिळत नाही. काही कीबोर्डच्या पाठीमागे किंवा सेलच्या झाकणाखाली डोंगल ठेवायला कप्पा असतो. घरात लहान मुले असतील तर असा कप्पा असलेलाच घ्यावा.