चाकं चार, बर्फ किती?

गोठलेल्या तळ्यावर गाडी चालवाल? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तिथवर जायला आणि हरणांच्या शिकारीलाही अनेकांकडे जाड टायरांची चारचाकी असते. मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची! नवी महाग, म्हणून कितीतरी जण जुनी घेतात.

घेताना इंजिनाचं तेल बघायचं. दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय! विकणारा सांगणार नाही, तेल सांगतं. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचं.

पण गाडी धडधाकट असून भागत नाही. चालायला निदान ४ इंच, तर या गाडीला ५ ते ७ इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. पांढरा बर्फ त्याच्या निम्माच मजबूत! म्हणून आधी बर्फ मोजायचा, मगच किल्ली फिरवायची.