अपघाताचे दावे आणि कुटुंब न्यायालय : वकिलाचं रोजचं काम

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं कोर्ट येतं. टेबलावर हात आपटून बोलणारा वकील आणि समोर घाम पुसणारा आरोपी. पण जिल्हा न्यायालयात दिवसभर बसून पाहिलंत, तर तिथले बरेच वकील फार साध्या माणसांची कामं करताना दिसतील. कुणाचा कर्ता मुलगा ट्रकखाली गेलेला असतो, तर कुणाला नवऱ्याकडून पोटगी हवी असते. आज आपण अशाच वकिलाच्या कामाची माहिती घेऊ.

वकील व्हायला बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. मग बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. पुढची काही वर्षं ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली जातात. तारखा घेणं, नकला काढणं, फायली सांभाळणं. कंटाळवाणं वाटतं, पण खरं शिक्षण तिथेच होतं.

आता अपघाताचा दावा पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथेही तो चालतो, त्यामुळे साताऱ्याच्या बाईला नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. म्हणून दहावा-बारावा उरकला की घरच्यांनी कागद गोळा करायला लागावं, हे बरं.

भरपाई ठरते कशी? इथे चक्क गणित आहे! समजा, ३४ वर्षांचा गवंडी गेला. महिना कमाई १५,००० रुपये. पुढे कमाई वाढली असती, म्हणून ४० टक्के मिळवायचे : २१,०००. घरात बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा : १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. या वयाचा गुणक १६. उत्तर ३०,२४,००० रुपये. याशिवाय अंत्यविधीचा खर्च वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात पक्के केले आणि भावी वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात.

गणित सोपं, पण त्यातला पहिला आकडा सिद्ध करणं महाकठीण. गवंड्याला पगारपत्रक कोण देतो? मग वकील मुकादमाला साक्षीला आणतो, हजेरीची वही शोधतो, बँकेचं पासबुक दाखवतो. समोर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारतो, "पावसाळ्यात काम बंदच असतं ना?" साक्षीदार गडबडला की महिन्याचे दोन हजार कमी, आणि वरच्याच हिशोबाने कुटुंबाचे चार लाखांहून जास्त जातात.

जखमी माणसाचं आणखी वेगळं. डॉक्टरच्या दाखल्यावरचं टक्क्यांमधलं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एक नसतं, हे २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात स्पष्ट झालं. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून, दोघांचा दाखला सारखा असेल. पण सुताराची रोजीरोटीच गेली. गृहिणीला तर पगारच नाही, म्हणून तिच्या कामाला किंमत नाही का? आहे. न्यायालयांनी ती धरली आहे.

कुटुंब न्यायालयाचा रंग निराळा. तिथे घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशी प्रकरणं येतात. १९८४ च्या कायद्यानुसार वकील लावणं हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आधी समुपदेशकाकडे बसून समेटाचा प्रयत्न होतो. त्यामुळे इथे आवाज चढवणारा वकील माझ्या मते अर्धी केस घालवतो. पोटगीच्या दाव्यात दोघांनाही आपली मिळकत आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने तसा नमुनाच घालून दिला. हे प्रकरण नागपूरचंच बरं का! ताब्याच्या बाबतीत आईचा हक्क की बापाचा, यापेक्षा मुलाचं हित मोठं धरतात, आणि कळत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश स्वतःच्या दालनात बोलू शकतात.

राहिला फीचा प्रश्न. अमेरिकेत अपघाताच्या केसमध्ये वकील भरपाईतला हिस्सा घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. तुमच्या ओळखीत कुणाला "मिळालेल्या रकमेतले तीस टक्के माझे" असं कुणी सांगत असेल, तर ते नियमाबाहेरचं आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलं यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा.