उपचारकाचा अधिकार

शिरूरहून पुण्याकडे जाताना वाटेत लागणाऱ्या वाघोलीत, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, भारतीय जैन संघटनेने तिकडील शेकडो मुलांच्या निवासाची व शिक्षणाची तजवीज केली. अन्नवस्त्राची मोजदाद दफ्तरात होते; परंतु ज्या बालकाच्या पायाखालची भूमीच एका पहाटे दगा देऊन गेली, त्याने परक्या प्रौढावर विश्वास कसा ठेवावा, हा मामला निराळा आहे.

मानसोपचारात या विश्वासाचा विचार उपचारक व रुग्ण यांच्या नात्याच्या रूपाने होतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये त्या नात्याची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांविषयी एकमत, कार्याविषयी एकमत आणि परस्परस्नेह. किशोरांच्या बाबतीत पहिले अंगच बहुधा लंगडे असते, कारण त्यांना वडीलधाऱ्यांनी धरून आणलेले असते! नॉर्वेतील १५६ आघातग्रस्त मुलांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आघातकेंद्री उपचार घेणाऱ्यांपैकी ज्यांना हे नाते दृढ वाटले त्यांची लक्षणे अधिक ओसरली. नेहमीच्या उपचारांत मात्र असा संबंध आढळला नाही. मला याचे कारण असे दिसते, की ज्या पद्धतीत भयावह स्मृती टप्प्याटप्प्याने पुन्हा उच्चारावयाची असते, तेथे ऐकणारा फौजदारासारखी जबानी घेत नाही आणि थांबण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे, ही खात्री मुलाला आधी पटावी लागते.